जलोद्यान, घरगुती

परसात, अंगणात किंवा गच्चीवर हौद, नांद, दगडी डोणी अथवा मोठी कुंडी अशा पात्रात पाणी साठवून त्यात जलवनस्पती जोपासण्याची रचना. ह्या नोंदीत अशा लहान रचनेचा ‘कुंडीतळे’ असा उल्लेख केला आहे. ५० ते ४०० लि. पाणी मावेल असे कोणतेही उथळ व रुंद पात्र कुंडीतळ्यासाठी चालते. फुले व हिरवाई ह्यांबरोबरच मधमाश्या, चतुर, बेडूक व पक्षी ह्यांना पाणी मिळणे, विद्यार्थ्यांना जलीय जीवनाचा परिचय होणे आणि तळी बुजत चालल्याने दुर्मिळ होत असलेल्या वनस्पती टिकून राहणे, हे तिचे उपयोग आहेत. तथापि पर्जन्यछायेच्या प्रदेशात पाण्याचा खर्च आणि डासांची पैदास हे दोन प्रश्न सोडविल्याशिवाय अशी रचना समर्थनीय ठरत नाही. दोन्ही प्रश्नांचे उत्तर बऱ्याच अंशी एकच आहे : कुंडीतळे बारमाही न ठेवता त्या प्रदेशातील हंगामी तळ्यांच्या वार्षिक क्रमाने चालविणे. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील नळदुर्ग व त्याच्या आसपासचा प्रदेश डोळ्यांसमोर ठेवून हे विवेचन केले आहे. दख्खनच्या पठारावरील इतर कोरड्या भागांसही ते सामान्यपणे लागू पडते.

इतिहास : घराजवळ वा प्रासादात पाणी साठवून त्यात कमळे वाढविण्याची प्रथा भारतात प्राचीन आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या मानसोल्लास ह्या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात उद्याने व जलक्रीडा ह्यांची वर्णने आहेत. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांच्या चौकांत हौद व कारंजी असत. चीनमध्ये मोठ्या मृत्पात्रांत कमळे वाढविण्याची कला विशेष विकसित झाली. यांग जुंगबाव ह्यांनी १८०८ मध्ये ह्या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. यूरोपात १८४९ मध्ये जोसेफ पॅक्स्टन ह्यांनी चॅट्सवर्थ येथे दक्षिण अमेरिकेतील महाकाय व्हिक्टोरिया कमळास कृत्रिम उष्णतेत फुले आणली, तर फ्रान्समधील मार्लिआक ह्या उद्यानतज्ञाने थंडीत टिकणारे रंगीत कुमुदांचे संकर तयार केले. ते १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडण्यात आले आणि त्यानंतर लहान बागांतूनही कुमुदे लावण्याची आवड पसरली.

नळदुर्गच्या परिसरात पाण्याच्या साठवणीची परंपरा जुनी आहे. बोरी नदीवर आदिलशाही अमलात, दुसरा इब्राहिम आदिलशाह ह्याच्या कारकीर्दीत, १६१३ मध्ये धरण बांधण्यात आले. ते नळदुर्ग किल्ला व रणमंडळ हा जोडकिल्ला ह्यांना जोडते. त्याच्या भिंतीच्या अंतर्भागात ‘पाणीमहाल’ आहे. चांगला पाऊस झाल्यावर धरणावरून ‘नर’ व ‘मादी’ नावांचे दोन प्रवाह कोसळतात. उन्हाळ्यात ते बंद असतात. पाणी काही महिने विपुल आणि काही महिने दुर्मिळ, हेच ह्या प्रदेशाच्या जलजीवनाचे लक्षण असून येथील जलवनस्पतींची जीवनचक्रेही त्यास अनुरूप आहेत.

पाण्याचा हिशोब : ह्या भागात वर्षाला सु. ७५० मिमी. पाऊस पडतो व तो मुख्यतः जून ते ऑक्टोबर ह्या काळात पडतो. उघड्या पाण्याचे वार्षिक बाष्पीभवन त्याच्या दुपटीहून अधिक असते. हिवाळ्यात ते दररोज ४ ते ६ मिमी., तर उन्हाळ्यात ८ ते १२ मिमी. इतके असते. १ मी. व्यास व ४५ सेंमी. खोली असलेल्या वर्तुळाकार हौदात सु. ३५० लि. पाणी मावते. त्याच्या पृष्ठाचे क्षेत्रफळ ०·७८५ चौ. मी. असल्याने १० मिमी. बाष्पीभवनाने दररोज सु. ८ लि. पाणी उडून जाते. मार्च ते मे ह्या ९२ दिवसांत ही हानी ७२० लि., म्हणजे हौदाच्या धारणेच्या दुपटीहून जास्त होते. ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी जल जीवन मिशनने (२०१९) दरडोई दररोज ५५ लि. पाण्याचे प्रमाण धरले आहे. त्या मानाने एक लहानसा हौद उन्हाळाभर भरलेला ठेवण्यासाठी एका माणसाचे १३ दिवसांचे पाणी लागते. १९७२, २०१२-१३ आणि २०१५-१६ ह्या दुष्काळांचा अनुभव घेतलेल्या मराठवाड्यात हा खर्च किरकोळ मानता येत नाही; एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते.

बाष्पीभवनामुळे पाणी उडते, पण त्यातील क्षार मागे राहतात. बेसाल्ट खडकातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी बहुधा जड असते. वरील उदाहरणात तेच पाणी उन्हाळाभर भरीला घातल्यास मेअखेर क्षारांचे प्रमाण मूळच्या सु. तिप्पट होते. हौदाच्या काठावर पांढरी कडा दिसू लागणे व पानांच्या कडा करपणे ही त्याची चिन्हे होत. म्हणून उडालेल्या पाण्याची केवळ भर घालून कुंडीतळे निरोगी राहत नाही. काही पाणी काढून झाडांना घालावे लागते व त्याच्या जागी कमी क्षारांचे पाणी द्यावे लागते. पावसाचे पाणी ह्यासाठी सर्वोत्तम होय. १० चौ. मी. छपरावर ४५ मिमी. पाऊस पडला व त्याचा ८० टक्के भाग पन्हाळीतून हाती आला, तर ३६० लि. पाणी मिळते, म्हणजे वरील हौद एकदा पूर्ण भरतो. हंगामातील पहिल्या एकदोन सरींचे पाणी छपरावरील धूळ व पक्ष्यांची विष्ठा धुऊन आणते, म्हणून ते सोडून द्यावे. नळाचे क्लोरीनयुक्त पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मगच वापरतात.

स्थान व पात्र : कमळ व कुमुद ह्यांना फुले येण्यास दररोज पाच-सहा तास ऊन लागते. दख्खनच्या उन्हाळ्यात मात्र दुपारचे ऊन हानिकारक ठरते. पाण्याचे तापमान वाढले की त्यात विरघळणाऱ्या ऑक्सिजनचे प्रमाण घटते, २०° से. ला दर लिटरमध्ये सु. ९ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळू शकतो, तर ३५° से. ला सु. ७ मिग्रॅ. म्हणून घराच्या पूर्वेची, सकाळचे ऊन व दुपारनंतर सावली मिळणारी जागा उत्तम. मोठ्या झाडाखाली पाला पडून पाणी कुजते. पात्र जमिनीत अर्धे पुरल्यास पाणी कमी तापते.

दगडी डोणी टिकाऊ असून तिच्यातून पाण्यास अपायकारक द्रव्ये मिळत नाहीत. मातीची नांद पाणी गार ठेवते, पण पाझरते; तिला आतून सिमेंटचा पातळ लेप देतात. सिमेंटच्या नव्या हौदातून चुना पाण्यात उतरतो व पाणी तीव्र अल्कधर्मी होते. म्हणून दोन-तीन आठवड्यांत तो तीन-चार वेळा भरून रिकामा केल्यावरच त्यात लागवड करावी. प्लॅस्टिकचे पिंप आडवे कापून वापरता येते. काळा रंग उष्णता शोषतो, म्हणून त्यास बाहेरून चुन्याची सफेदी किंवा पोत्याचे आवरण देतात. तांब्यापितळेची घंगाळे शोभिवंत असली, तरी त्यांतील तांबे गोगलगाईंस व माशांस विषारी असते. जस्तलेपित पत्र्याची टाकीही माशांस अपायकारक ठरते. रांजणाचे तोंड अरुंद असल्याने त्यात पुरेसा प्रकाश व हवा पोहोचत नाही.

गच्चीवर पात्र ठेवताना भाराचा विचार आवश्यक आहे. ४५ सेंमी. खोल पाण्याचा भार दर चौ. मी. ला ४५० किग्रॅ. होतो, वापरात असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकानुसार सामान्यतः सु. १५० किग्रॅ. चल भार गृहीत धरतात. म्हणून गच्चीवर १५ ते २० सेंमी. खोलीची लहान पात्रे भिंतीच्या वा तुळईच्या माथ्यावर ठेवणे इष्ट. घरात लहान मुले असल्यास पात्रावर घट्ट जाळी बसवावी. वीतभर पाणीही अर्भकास घातक ठरू शकते.

वनस्पतींची रचना : पाण्याखालच्या गाळात ऑक्सिजन अत्यल्प असतो. जलवनस्पतींच्या देठांत व मूलक्षोडांत हवेच्या लांबलचक पोकळ्या असतात आणि पानांकडून त्यांमधून मुळांना हवा पुरविली जाते. कुमुदाच्या तरंगत्या पानांची त्वग्रंध्रे वरच्या पृष्ठावर असतात, तर पूर्णतः बुडालेल्या वनस्पती पाण्यातील विरघळलेले वायू व लवणे पानांनीच शोषतात. अधिवासानुसार त्यांचे चार गट करतात : तळाशी रुजून पाने तरंगणाऱ्या किंवा पाण्याबाहेर येणाऱ्या, काठावरच्या, बुडालेल्या व मुक्तपणे तरंगणाऱ्या. पहिल्या तीन गटांतील प्रत्येकी एकदोन जाती असल्यास कुंडीतळे संतुलित राहते.

लागवडीयोग्य जाती : (१) कमळ (निलंबो न्यूसीफेरा) : पाने पाण्याच्या वर उचललेली, फुले दिवसा उमलतात. मोठ्या जातींना ६० सेंमी. हून रुंद पात्र लागते. खुज्या जाती ३५ ते ४५ सेंमी. रुंदीच्या कुंडीतही फुलतात. (२) कुमुद : निंफिया पुबेसेन्स ही जाती रात्री उमलून दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा मिटते, निंफिया नौचाली ही निळसर, गुलाबी वा पांढऱ्या फुलांची जाती दिवसा उमलते. (३) कुमुदिनी (निंफॉइडिस इंडिका) : पाकळ्यांना झालर असलेली लहान पांढरी फुले. लहान पात्रास ही फार योग्य. (४) घेचू (ॲपोनोजेटॉन नटान्स) : कंदयुक्त, पावसाळ्यात वाढून फुलते व पाणी आटताच सुप्त होते. (५) काठावरच्या जाती : वेखंड, नीरब्राह्मी व चार दलांच्या पानांची चतुष्पर्णी (मार्सिलिया) ही जलीय नेचे. पाणकणीस (टायफा) झपाट्याने पसरते, म्हणून लहान पात्रात लावत नाहीत. (६) बुडालेल्या जाती : हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया व सेराटोफायलम. ह्या पाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस शोषून शैवलांची वाढ रोखतात व प्रकाशात ऑक्सिजन सोडतात.

माती व लागवड : बागेतील हलकी, सेंद्रिय खतयुक्त माती पाण्यात कुजून वायू निर्माण करते व पाणी काळे पडते. त्याऐवजी चिकण पोत असलेली काळी माती व तळ्यातील वा नाल्यातील गाळ समभाग घेतात. तळाशी पूर्ण कुजलेल्या शेणखताचा पातळ थर देऊन त्यावर १५ ते २० सेंमी. माती व सर्वांत वर दोन-तीन सेंमी. जाड वाळू पसरतात. वाळूमुळे पाणी ओतताना माती ढवळत नाही. मोठ्या हौदात वनस्पती वेगवेगळ्या कुंड्यांत लावून त्या विटांवर हव्या त्या खोलीला ठेवणे सोयीचे असते. कमळाचे मूलक्षोड आडवे ठेवून त्याचा अंकुर मातीबाहेर राखतात. तो मोडल्यास मूलक्षोड कुजते. आरंभी मातीवर १० सेंमी. पाणी पुरते, पाने वाढतील तसे ते कमळ व कुमुद ह्यांसाठी २० ते ३० सेंमी. करतात. काठावरच्या जातींना १० सेंमी. पर्यंत पाणी पुरेसे असते.

कमळाचे बी अतिकठीण कवचाचे असते. रुंद टोकाकडील कवच कानशीने पांढरा गर दिसेपर्यंत घासून बी कोमट पाण्यात ठेवल्यास काही दिवसांत रुजते. चीनमधील एका आटलेल्या तळ्याच्या गाळात सापडलेले सु. १,३०० वर्षांपूर्वीचे बी रुजल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. तळे आटले म्हणजे त्यातील वनस्पती नष्ट झाल्या असे नव्हे, हे ह्यावरून दिसते. गाळ खणून दूर नेला किंवा तळे बुजविले, तरच हा बीजसाठा कायमचा जातो.

जलसंतुलन : तरंगत्या पानांनी पाण्याचा निम्मा ते दोनतृतीयांश पृष्ठभाग झाकलेला असावा. त्यामुळे पाणी कमी तापते व शैवलांना प्रकाश कमी मिळतो. पानांतूनही बाष्पोत्सर्जन होत असल्याने पाण्याचा खर्च मात्र फारसा घटत नाही. नव्याने भरलेले पाणी पहिले दोन-तीन आठवडे हिरवे दिसते. ते शैवलांमुळे होय. ते फेकून नवे भरल्यास नव्या लवणांमुळे शैवले पुन्हा वाढतात, म्हणून पाणी तसेच राहू द्यावे. बुडालेल्या वनस्पती वाढताच ते निवळते. पिवळी पाने व जुनी फुले वेळीच काढावीत.

डासांचा प्रतिबंध : डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस ईजिप्ती हा डास घराजवळच्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. त्याची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, पात्राच्या भिंतीवर अंडी घालते. ती कोरड्यात अनेक महिने टिकतात व पाणी चढताच उबतात; उष्ण हवामानात अंड्यापासून सु. ७ ते १० दिवसांत डास तयार होतो. आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून ‘कोरडा दिवस’ पाळण्याचा आरोग्य खात्याचा सल्ला ह्यामुळेच असतो. कुंडीतळे दर आठवड्यास रिकामे करता येत नाही. म्हणून त्यात अळ्या खाणारे मासे असणे ही ऐच्छिक नव्हे, तर आवश्यक गोष्ट समजली पाहिजे. दक्षिण अमेरिकेतून १९०८ मध्ये भारतात आणलेला गप्पी मासा (पोइसिलिया रेटिक्युलेटा) ह्या कामी सर्वत्र वापरला जातो, ३५० लि. पाण्यास आठ-दहा मासे पुरतात. अप्लोकायलस लिनिएटस हा देशी मासाही अळ्या आवडीने खातो. माशांना बाहेरचे अन्न घातल्यास ते अळ्या कमी खातात व पाणी खराब होते. मासे राहू शकणार नाहीत इतक्या उथळ पात्रात बॅसिलस थुरिंजिएन्सिस इझ्राएलेन्सिस ह्या सूक्ष्मजंतूपासून केलेले अळीनाशक ठरलेल्या प्रमाणात वापरतात. माशांस व वनस्पतींस ते अपायकारक नाही. काठावरील भिंत आठवड्यातून एकदा ताठ ब्रशने घासून काढावी. घरच्यांना हे नियमितपणे करणे शक्य नसेल, तर कुंडीतळे न करणेच इष्ट.

वार्षिक क्रम : दख्खनमधील लहान तळी पावसाळ्यात भरतात, हिवाळ्यात स्वच्छ व फुललेली असतात आणि उन्हाळ्यात आटतात. कुंडीतळेही ह्याच क्रमाने चालविता येते. जून-जुलैत छपराच्या पाण्याने पात्र भरून लागवड करतात. ऑगस्ट ते नोव्हेंबर हा वाढीचा व फुलांचा मुख्य काळ होय. परतीचा पाऊस पाण्याची भर घालतो व क्षारही विरळ करतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत वाढ मंदावते आणि थोड्या भरीवर काम भागते. मार्चच्या आरंभी भर घालणे थांबवितात. पाणी एक वीत उरले की मासे सावलीतील झाकलेल्या लहान टाकीत हलवितात व उरलेले पाणी झाडांना देतात. पात्राच्या भिंती घासून, धुऊन उन्हात वाळवितात. त्यामुळे चिकटलेली डासांची अंडी निघून जातात.

कुमुद, कुमुदिनी व घेचू ह्यांच्या कुंड्या दाट सावलीत ओल्या पोत्याखाली ठेवतात. तळ्यातील हातभर खोल गाळ वरून भेगाळला, तरी आतून दमट राहतो. कुंडीतील वीतभर माती मात्र पूर्ण वाळून तापते व कंद मरतात. म्हणून माती केवळ दमट राहील इतके पाणी दोन-तीन दिवसांआड शिंपडावे लागते. हौद भरलेला ठेवण्यास रोज ८ लि. लागत असताना ह्या सर्व कुंड्यांचा आठवडा काही लिटरांत निभावतो. कमळाची मूलक्षोडे व वेखंड ह्यांना किंचित अधिक ओल लागते. चतुष्पर्णीची कठीण बीजुकपात्रे पूर्ण कोरड्या मातीतही वर्षानुवर्षे टिकतात. पाऊस सुरू होताच कुंड्या पुन्हा पात्रात ठेवल्या की काही आठवड्यांत नवी पाने तरंगू लागतात.

संवर्धन व दक्षता : जलपर्णी (आयकॉर्निया क्रॅसिपीस, आता पाँटेडेरिया क्रॅसिपीस) ही दक्षिण अमेरिकी वनस्पती तिच्या जांभळ्या फुलांसाठी भारतात आली व तलाव-नद्या व्यापणारे तण ठरली. कुंडीतळ्यात ती लावू नये. तिच्या पानांमुळे उघड्या पाण्यापेक्षा अधिक पाणी उडते. गोंडाळ (पिस्टिया) व साल्व्हिनिया ह्यांनाही हीच दक्षता लागू आहे. कुंडीतळ्यातील अतिरिक्त वनस्पती, गाळ वा गप्पी मासे नदीत, ओढ्यात किंवा विहिरीत सोडू नयेत. वनस्पती वाळवून खत करावे. गप्पी मासे नैसर्गिक पाण्यात गेल्यास देशी लहान माशांशी स्पर्धा करतात.

रोपे रोपवाटिकेतून किंवा शेजाऱ्यांकडून मिळवावीत. रानातील तळ्यातून घ्यायचीच झाल्यास विपुल असलेल्या जातीचे एखादे कंद वा थोडे बी पुरे असते. वायतुरा (ॲपोनोजेटॉन साताऱेन्सिस) ह्यासारख्या सह्याद्रीच्या सड्यांपुरत्या मर्यादित जाती मुळीच उपटू नयेत. त्या अन्यत्र बहुधा जगत नाहीत. कुंडीतळे हे गावतळ्याची जागा घेऊ शकत नाही. परंतु सलग दोन-तीन वर्षे पाऊस हुकून तळे कोरडे राहिले किंवा गाळासह त्यातील कंद उपसले गेले, तर त्याच तळ्यातील कुमुद गावातील काही परसांत दमट मातीत जिवंत असणे उपयुक्त ठरते; तळे पुन्हा भरल्यावर तेथूनच त्याची लागवड करता येते.